दार वाजवण्याचा सराव

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे चौकीत ज्याला सगळे हवालदार म्हणतात, घरात ज्याला 'अहो ऐकलंत का' म्हणतात आणि तू अजूनही बारक्याच म्हणतेस त्याचा, पोट आडवं येईल तिथपर्यंत वाकून नमस्कार.

आधी महत्त्वाचं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला सावकाश वाचता येईल. सगळे जिवंत आहेत. कुणी दवाखान्यात नाही, कुणाचं काही मोडलेलं नाही, माझी नोकरी शाबूत आहे आणि तुझी भावजय ठणठणीत आहे (ती आत्ता माझ्या मागे उभी राहून विचारते आहे की किराणा आणायला ज्याला वेळ नसतो त्याला एवढी पानं भरायला कसा मिळतो, यावरून तिच्या प्रकृतीचा अंदाज घे). तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? जिन्यातला दिवा बदलून घेतलास का? आणि तुझा तो रेडिओ अजून खरखरतो का? मला तुझ्याकडून काहीही नको आहे. बऱ्याच दिवसांत पत्र नाही, म्हणून सहज लिहायला बसलो.

तर झालं असं, की आमच्या चौकीत नव्या मॅडम आल्या. वयाने लहान आहेत, पण खोलीत शिरल्या की टेबलावरच्या फायलीसुद्धा आपोआप सरळ होतात. त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं की या भागातली तरुण मुलं आपल्याला बघून पळतात, आणि जी आज पळतात ती उद्या खरोखर संकटात सापडली तरी आपल्याकडे येणार नाहीत. तेव्हा कुणीतरी जाऊन त्यांच्याशी ओळख करायची, दोस्ती करायची. मला हे अगदी पटलं आणि मी मान डोलावली. मान डोलावणारा मी एकटाच निघालो. बाकीचे सगळे मुरलेले, ते त्या क्षणी खाली वाकून बुटांच्या नाड्या तपासत होते. अशा रीतीने दोस्तीची ड्युटी माझ्या गळ्यात पडली.

आमच्याकडे चौकात एक बँक आहे. तिला समोरून जमिनीपासून छतापर्यंत काळी काच आहे. संध्याकाळी बँक बंद झाली की त्या काचेपुढे आठ-नऊ तरुण पोरंपोरी जमतात आणि नाच बसवतात. काही कॉलेजात जातात, काही दिवसभर दुकानात उभी असतात. बँकेच्या मॅनेजरला हे खपत नाही, त्यामुळे त्यांना हुसकावणं हे आजवर माझंच काम होतं. मी लांबूनच कठड्यावर काठी वाजवायचो आणि पोरं पांगायची. म्हणजे ओळख होती आमची, पण एका बाजूने. त्यांची तोंडं मी कधी नीट पाहिली नव्हती, पाठीवरून मात्र एकेकाला ओळखायचो.

पहिल्या दिवशी मी काठी चौकीत ठेवली, चेहऱ्यावर हसू आणलं (तुझी भावजय म्हणते की ते हसू आणू नका, पोट दुखत असल्यासारखं दिसतं) आणि चौकात गेलो. पोरं गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधीच जाऊन उभा राहिलो, म्हणजे आल्यावर त्यांना मी तिथलाच वाटेन. उभा राहिलो तोही नेमका काचेसमोर. ती काच म्हणजे त्यांचा आरसा, हे मला कुठे ठाऊक? त्यांना त्या आरशात स्वतःचे पाय दिसायचे ते सोडून माझं पोट दिसू लागलं. ती बिचारी थोडा वेळ पोटाच्या दोन्ही बाजूंनी नाचून बघत राहिली आणि मग घरी गेली. समोरच्या सायकलवाल्याने मला चहा पाजला. म्हणाला, एवढी वर्षं कुणाला जमलं नाही ते तुम्ही काठी न उचलता करून दाखवलंत. ही कीर्ती मॅडमच्या कानावर गेली. त्या म्हणाल्या, "हवालदार, तुम्हाला मुलं जोडायला पाठवलं होतं, चौक मोकळा करायला नाही."

मग मी बोलायचं ठरवलं. त्यांच्यातला एक ताडमाड उंच मुलगा आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात, त्याला गाठलं. अगदी जिव्हाळ्याने विचारपूस केली. नाव काय, राहतोस कुठे, घरी कोण कोण असतं, इथे कधीपासून येतोस, सोबत आणखी कोण असतं. त्याने हात मागे बांधून, सावधान उभं राहून सगळी उत्तरं दिली, आणि शेवटी विचारलं, "सही कुठे करायची?" अक्का, मी आयुष्यभर माणसांना प्रश्नच विचारत आलो. गप्पा मारायच्या म्हणजे काय करायचं, हे मला येत नव्हतं, आणि या वयात ते कुणाला विचारायचं हाही प्रश्नच होता.

शेवटी मी नाद सोडला आणि नुसताच सायकलवाल्याच्या फळीवर जाऊन बसू लागलो. तिथून नाच दिसायचा. आणि तिथेच माझं नशीब उघडलं, कारण त्यांची रांग वाकडी होती. तुला आठवत असेल, मी काही वर्षं नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवायचो, आणि सुट्टीला आलो की तुझ्या फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचो (आणि तू मला लाटणं दाखवायचीस). वाकडी रांग बघितली की माझ्या दाढेत कळ येते. मी काही संध्याकाळी दात आवळून काढल्या. मग एकदा गाणं ऐन भरात असताना डावीकडची तिसरी मुलगी पुन्हा पुढे सरकली आणि माझ्याही नकळत माझ्या तोंडून परेड मैदानावरचा आवाज निघाला, "डावीकडून तिसरा, अर्धं पाऊल मागे." गाणं बंद पडलं. दोघांनी हात वर केले. लंबू उजवीकडून पहिला असूनही अर्धं पाऊल मागे गेला. मला वाटलं, संपलं, आता ही पोरं या गावातसुद्धा दिसायची नाहीत. पण त्यांची जी म्होरकी आहे, एवढीशी, सतत गिरक्या घेत असते म्हणून भिंगरी, ती वळून काचेत बघत राहिली. सगळ्यांना पुन्हा उभं केलं, पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, परत सांगा. आणखी कोण कोण वाकडं आहे?"

त्या दिवसापासून मी फळीवरून उठलो आणि त्यांच्यात उभा राहू लागलो. (काचेसमोर नाही. बाजूला.) मी रांग बघायचो, ताल मोजायचो, पोरं नाचायची. माझं नावही ठेवलं, काटकोनकाका. मला ते माहीत नाही असं त्यांना वाटतं. आणि गंमत अशी, की मी प्रश्न विचारायचं सोडल्यावर उत्तरं आपणहून यायला लागली. कुणाच्या घरी काय भांडण चाललंय, कुणाची परीक्षा राहिली, कुणाला दुकानाचा मालक सुट्टी देत नाही. एकदा लंबू माझ्या शेजारी बसून बराच वेळ नाडी बांधत राहिला आणि मग म्हणाला की त्याची सायकल चोरीला गेलीय, पण तक्रार द्यायला चौकीत आलं तर आधी आपल्यालाच बसवून ठेवतात ना? मी त्याला घेऊन गेलो, खुर्ची दिली, चहा मागवला. सायकल काही मिळाली नाही, पण दुसऱ्या दिवशी तो त्याच्या मित्राला घेऊन आला, त्याचं पाकीट हरवलं होतं. मॅडमनी त्या दिवशी माझी रात्रपाळी रद्द केली.

इथपर्यंत सगळं छान होतं. आता माती कशी खाल्ली ते ऐक.

नाचाची मोठी स्पर्धा त्यानंतरच्या रविवारी होती. भिंगरीने त्यासाठी खास बूट घेतले होते, पांढरे, बाजूला लाल पट्टी असलेले. सरावाआधी ती चपला काढून ते घालायची, आणि सराव संपला की पुसून पिशवीत ठेवायची. एका संध्याकाळी मैत्रिणीने हाक मारली म्हणून ती चपला घालून तशीच पळाली आणि बूट बँकेच्या पायरीवर राहिले. शहाण्या माणसाने ते उद्यापर्यंत सांभाळले असते. पण माझ्या अंगात तेव्हा दोस्ती संचारलेली होती. म्हटलं, पोरगी घरी गेल्यावर शोधत बसेल, आपण पोचवू. आणि मग, अक्का, हात आपोआप चालतात गं. सापडलेली वस्तू आहे म्हटल्यावर मी ते बूट आमच्या पारदर्शक पिशवीत घातले, तोंड लाखेने बंद केलं, वर चिठ्ठी बांधली, त्यावर वस्तू कुणाची, कुठे सापडली, कुणासमक्ष, सगळं लिहिलं (समक्ष म्हणून जीपच्या चालकाची सही), आणि जीप घेऊन तिच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो.

भिंगरीची आई घरी शिवणकाम करते. वडील कामासाठी परगावी असतात. मी जिना चढलो तेव्हा आतून मशीनचा आवाज येत होता. मी दार वाजवलं. तीन वेळा, एकसारखं, जसं आम्ही वाजवतो तसं. मशीन थांबलं. दार उघडलं. मी अदबीने टोपी काढून हातात घेतली आणि म्हणालो, "घाबरू नका. आधी बसून घ्या. घरात आणखी कुणी आहे का?"

आता मी हे असं का म्हणालो, ते तुला वेगळं सांगायला नको. कुणाच्या घरी वाईट बातमी पोचवायची असली की चौकीतून मलाच पाठवतात. माझा आवाज मऊ आहे म्हणे. किती वर्षं झाली, मी हेच करतो. टोपी काढायची, माणसाला बसवायचं, पाणी मागवायचं, आणखी कुणी आहे का विचारायचं आणि मग सांगायचं. उभ्या नोकरीत चांगली बातमी घेऊन मी एकही दार वाजवलेलं नाही, हे मला त्या दारात, ती पिशवी हातात धरून उभा असताना पहिल्यांदा कळलं.

त्या माउलीने माझ्या हातातली टोपी बघितली. मग पिशवी बघितली, लाख बघितली, आत लाल पट्टीचे बूट बघितले. ती ओरडली नाही. उंबऱ्यातच खाली बसली, आणि तिचा चेहरा असा झाला की मी पुढचं सगळं विसरलो. माझ्यामागून वर आलेला चालक पाणी आणायला धावला, तो चुकून शेजारच्या घरात शिरला आणि तिथे वेगळा आरडाओरडा सुरू झाला. एवढ्यात मागून जिन्यावर चपलांचा आवाज आला, आणि भिंगरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर येऊन म्हणाली, "काका, तुम्ही इथे कसे? अरे, माझे बूट." आईने आधी तिला पोटाशी धरलं. मग रडली. मग माझ्या हातातून पिशवी घेतली आणि त्याच पिशवीने मला बडवलं. (लाख निघाली नाही. आमच्या पिशव्या चांगल्या असतात एवढं मी खात्रीने सांगू शकतो.)

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीचं चौकात येणं बंद. आईला नाचाचं वावडं नव्हतं. ती म्हणाली, आता पोरीला यायला जरा उशीर झाला की मला त्या पिशवीतले बूटच दिसतात, मी नाही हे सोसू शकत. मी चूक दुरुस्त करायला निघालो आणि ती आणखी वाढवून आलो. जिन्यात लोक कुजबुजत होते, म्हणून मी प्रत्येक मजल्यावर थांबून स्वच्छ शब्दांत सांगितलं की या मुलीने काहीही केलेलं नाही. खालच्या मजल्यावर ज्यांना काही माहीतच नव्हतं त्यांना माहीत झालं. मधल्या मजल्यावर एका बाईंनी विचारलं की नक्की काय केलेलं नाही? वरच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले की मला आधीपासूनच संशय होता.

आणि चौकात मला पुन्हा सगळ्यांच्या पाठीच दिसू लागल्या. पोरं पळाली नाहीत, पण माझ्याकडे कुणी वळेना. भिंगरीची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती आणि त्या मोकळ्या जागेच्या भोवती नाचत होती. रांग सरळ होती आणि मधोमध एका माणसाएवढं भोक. रविवार जवळ येत होता. अक्का, मी सायकलवाल्याच्या फळीवर बसून रडलो. त्याने न विचारता चहा आणून ठेवला.

शेवटी पुन्हा त्या दारात गेलो. वाजवलं, मशीन थांबलं, दार उघडलं, बाई पांढरीफटक. म्हणाली, "हवालदार, तुम्ही माणूस वाईट नाही. तुमचं दार वाजवणं वाईट आहे. ते ऐकलं की माझे हातपाय गळतात. आधी ते बदला, मग पोरीचं बघू." ती बहुधा रागाने बोलली. पण मी खात्यातला माणूस, मला तो हुकूम वाटला. मी जिना उतरलो, परत चढलो आणि वाजवलं. मशीन थांबलं. परत उतरलो. एकदा साध्या कपड्यांत जाऊन बघितलं, तेव्हा तिने आतूनच सांगितलं की आम्हाला विमा नको आहे. जिन्यातले लोक हळूहळू बाहेर येऊन बसले. कुणी म्हणालं हळू वाजवा, कुणी म्हणालं आधी खाकरा, ते संशयी म्हातारे म्हणाले बोटाने नको, नखाने. मी सगळं केलं. दर वेळी मशीन थांबायचं.

भिंगरीला घराबाहेर जायची बंदी होती, जिन्याची नव्हती. ती वरच्या पायरीवर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, अर्धं पाऊल मागे." मी सरकलो. "तुम्ही दाराला इतके चिकटून उभे राहता की उघडणाऱ्याला तुमच्याशिवाय काही दिसतच नाही. आणि तुम्ही काहीतरी सांगायला आल्यासारखं वाजवता. काहीतरी मागायला आल्यासारखं वाजवा ना."

काय मागणार? मी स्वतःकडे बघितलं. पोटावरचं एक बटण दोऱ्याच्या शेवटच्या धाग्यावर लोंबत होतं (तेही या जिन्याच्याच कृपेने). मी त्या बटणाचा विचार करत, सुई-दोरा मागावा म्हणून, दारावर कसेबसे दोन ठोके मारले. एक जोरात, एक अर्धवट. मशीन चालूच राहिलं. आतून आवाज आला, "उघडंच आहे."

मी आत गेलो आणि बटण साफ विसरलो. म्हणालो, "तुमची मुलगी फार सुंदर नाचते." ती मान वर न करता म्हणाली, "ते मला माहीत आहे. काय शिवायचंय?" मी बटण दाखवलं. तिने ते शिवून दिलं, आणि भिंगरीला सोडलं. अट एकच. पोरीला उशीर झाला तर मी फोन करायचा, यायचं नाही.

स्पर्धेत आमची रांग शिवणीसारखी सरळ होती. परीक्षक म्हणाले, शिस्त वाखाणण्यासारखी आहे, पण नाच थोडा कवायतीसारखा वाटतो. पहिले तीन नंबर गेले. उत्तेजनार्थ मिळालं. मला वाटलं आता पोरं मला खातील, पण ती पोट धरून हसत होती, आणि लंबूने परत आल्यावर भर चौकात माझ्या गणवेशाच्या खांद्यावर हात टाकला आणि तसाच ठेवला. मॅडम समोरून जीपमधून गेल्या. मला उजव्या हाताने सलाम करायचा होता, पण लंबूचा हात त्याच खांद्यावर होता, म्हणून मी केला नाही. मॅडम हसल्या.

असं सगळं आहे. बाकी क्षेम. तेल लाव.

तुझा,
बारक्या

ता. क. वर मला काही नको म्हणालो ते तितकंसं खरं नाही. उत्तेजनार्थवाल्यांना पुढची फेरी आहे आणि ती तुझ्याच गावात आहे, येत्या शनिवारी. आयोजक सभागृहात झोपायला जागा देत होते, पण मी म्हणून बसलो की माझी अक्का असताना सभागृह कशाला. तेव्हा आठ-नऊ पोरं, भिंगरीची आई, चालक आणि मी. लंबूला खोलीत तिरपं झोपवावं लागेल. चालकापासून बिस्किटं लपवून ठेव. सतरंज्या कमी पडल्या तर शेजारून घे, तुझे डबे मी उंचीप्रमाणे लावणार नाही असं वचन देतो.

दुसरा ता. क. मॅडमनी ही माझी ड्युटीच धरली आहे, त्यामुळे मी गणवेशात येईन. दाजींची बातमी घेऊन मी तुझ्या दारात आलो, टोपी हातात घेऊन तुला बसायला सांगितलं, त्यानंतर मी तुझ्याकडे कधी गणवेशात आलेलो नाही. बसस्टँडवर कपडे बदलतो आणि खालूनच ओरडतो, अक्का, मी आहे, सगळं ठीक आहे. तू कधी काही म्हणाली नाहीस, मीही नाही. पण मी ओरडलो तरी वर तुझा रेडिओ बंद होतो, तो मला खाली ऐकू येतो.

तिसरा ता. क. शनिवारी मी खालून ओरडणार नाही. वर येईन, अर्धं पाऊल मागे उभा राहीन आणि वाजवीन. काही सांगायला येत नाहीये गं, सतरंज्या मागायला येतोय. गुडघ्यांना त्रास देऊन उठू नकोस. रेडिओ चालू राहू दे, आणि आतूनच म्हण, उघडंच आहे.